बसऱ्याला गेलेल्याची वारस नोंद

सकाळी ६.३०

चहा उकळेपर्यंत मेल बघून घेते. लोकांचे पूर्वज शोधून देणं हा माझा धंदा आहे, आणि तो साताऱ्यात बसून करते, कारण फौजेत कधीच कोणी गेलं नाही असं घर या जिल्ह्यात शोधावं लागतं. बहुतेक मेलांत पानिपत असतं. आमचे पूर्वज पानिपतावर होते, पुरावा मिळेल का? असतीलही. पण मी सगळ्यांना एकच उत्तर देते : कागद पराक्रमाचा क्वचित होतो, पैशाचा हमखास होतो. कोणाचा पगार थकला, कोणाच्या मागे कोण उरलं, पेन्शन कोणाच्या हातात द्यायची, यावर सरकारनं शाई खर्च केली. तलवारीवर नाही.

आज एक मेल इंग्लंडातल्या बाईंची आहे. त्यांचे पूर्वज कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत सार्जंट होते. कंपनीच्या काळात इथे वारलेल्या गोऱ्यांची मृत्युपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई, मद्रास, बंगाल अशी इलाखावार लावलेली. त्यातलं १८२० च्या दशकातलं एक त्यांनी पाठवलंय. सार्जंटानं पुण्याच्या एका देशी स्त्रीला घर आणि महिना काही रुपये ठेवलेत. बाई विचारतात, ही त्यांची मोलकरीण असेल का?

मोलकरणीला कोणी घर ठेवत नाही. बंगालमधल्या १७८० ते ८५ च्या मृत्युपत्रांत साधारण दर तिनांतल्या एकात गोऱ्यानं आपल्या हिंदुस्थानी सोबतिणीला किंवा तिच्या मुलांना काहीतरी दिलेलं दिसतं. पुढे हे प्रमाण घसरत गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपलं. बाईंच्या पणजीच्या आईचं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत कोरं आहे. मृत्युपत्रात ते असण्याची शक्यता दाट. तसं सौम्य शब्दांत लिहून पाठवते. सकाळी सकाळी कोणाला खापरपणजी बदलून देणं बरं नव्हे, पण त्यांनीच विचारलंय.

सकाळी ८

आता आजचं खरं काम. घाटकोपरला राहणारं कुटुंब, मूळचं इथल्याच एका गावचं. पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत', एवढंच घरात माहीत. वंशावळ त्यांनी छापून फ्रेम करून लावलीय : सात पिढ्या, सगळे पुरुष. एकही बाई नाही. ही माझी नेहमीची तक्रार आहे आणि ती मी नेहमी करते.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मेलेल्या सैनिकांची यादी संगणकावर उघडते. मराठी नावं इंग्रज कारकुनाच्या कानातून गेलेली असतात. लक्ष्मणचा 'लक्सिमन' झालेला असतो, आडनाव कधी असतं, कधी नसतं. बापाचं नाव, गाव, तालुका मात्र पुष्कळदा दिलेला असतो आणि तोच कामाचा. पलटणीचा आकडा हा दुसरा घोळ. कुठल्या घरी आजोबा सांगतात 'सतरावी', मेडल सांगतं 'एकशेसतरावी', आणि चुलते म्हणतात 'पाचवी'. तिघंही बरोबर. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरनं फौजेची फेररचना केली तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले, म्हणून १७ ची ११७ झाली. १९२२ मध्ये मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि ११७ वी त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. हे ज्याला ठाऊक नाही तो एका माणसाचे तीन पूर्वज करतो.

यादीत पणजोबांच्या नावाचे तिघे सापडतात, तिघंही ११७ व्या पलटणीतले. तिघंही सातारा जिल्ह्यातले, तिघंही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेले. दोघांपुढे बापाचं नाव नाही. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ ही डिव्हिजन कूत-अल-अमाऱ्यात वेढली गेली, आणि उपासमारीनं शरण आली. त्यानंतर पकडलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं. तिघांपैकी एकाची मृत्युतारीख वेढ्याच्या नंतरची आहे. माझा संशय त्याच्यावर, पण संशयाचे पैसे घेता येत नाहीत.

तिघांचंही स्मारक बसऱ्याला. त्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त जणांची आठवण आहे. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे कोरलंय, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा. नावं फक्त वहीत. कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच चौकशी करून हा भेदभाव कबूल केला. ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं बसऱ्याजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलंय.

सकाळी १०.४५

दुय्यम निबंधकांचं कार्यालय. विवाह नोंदणीची जोडपी, फ्लॅटवाले, दलाल, आणि कोपऱ्यात मी. नोंदवलेली मृत्युपत्रं इथे पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. खरेदीखताचं पुस्तक १ कोणीही पैसे भरून पाहू शकतो, पुस्तक ३ ला हात लावता येत नाही. शोध नोंदणी अधिकाऱ्यानंच घ्यायचा. मृत्युपत्र करणारा जिवंत असेतोवर नक्कल त्यालाच, तो गेल्यावर मृत्यूचा पुरावा आणील त्याला. नव्वद वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या मृत्यूचा पुरावा म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. तो उतारा जोडून अर्ज आधीच दिला होता.

"मॅडम, निघालं तुमचं. पण मोडीत आहे," शिपाईकाका सांगतात.

मोडी म्हणजे माझं पोट. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आलाय, अभिलेख कक्षांत गर्दी झालीय आणि ज्यांनी आयुष्यात दप्तराचा रुमाल सोडला नाही ते 'तज्ज्ञ' झालेत. चांगलंच आहे. कागद हलले तरी.

दुपारी १

डबा आणि नक्कल शेजारी शेजारी. भाजीचा डाग पडू नये म्हणून कागद डाव्या हाताला.

मृत्युपत्र १९३४ चं, पणजोबांच्या थोरल्या भावाचं. खेड्यात त्या काळची मृत्युपत्रं फार मिळत नाहीत आणि त्याला कारण आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या आपल्या अविभक्त हिश्श्याचं मृत्युपत्र करताच येत नसे. तो हिस्सा माणूस गेला की आपोआप उरलेल्या भाऊबंदांकडे जाई. मृत्युपत्र करायचं ते फक्त स्वकष्टार्जिताचं. त्यातही १ जानेवारी १९२७ पूर्वी मुंबई शहराबाहेर हिंदू माणसाला ते तोंडीही करता येई, म्हणजे कागदच नाही. महायुद्धात गोऱ्या शिपायाच्या पगारपुस्तकातच मृत्युपत्राचं पान असायचं; आपला शिपाई बोटीवर चढण्याआधी जे सांगून गेला ते सांगितल्या जागीच राहिलं. त्याचा वारस कोण, हे पलटणीच्या शीट रोलमध्ये लिहिलं जाई, तेवढंच.

म्हणूनच या थोरल्या भावाचं मृत्युपत्र मला सोन्यासारखं. स्वतःचं काय हे सांगायचं तर स्वतःचं काय नाही हेही त्याला सांगावं लागतं. माडीचं घर आपलं, असं तो म्हणतो. बैलजोडी आपली. मात्र ओढ्याकाठच्या रानातली पक्की विहीर आपण बांधलेली नाही. ती धाकट्या भावाच्या विधवेनं, भावाच्या लढाईच्या पैशातून बांधली, तिच्यावर आपला किंवा आपल्या मुलांचा दावा नाही, असं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलंय. खाली साक्षीदार, अंगठा.

घाटकोपरच्या मंडळींनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, की विहीर थोरल्या आबांनी बांधली. घराण्याचा तो अभिमानाचा मुद्दा आहे. जेवण थंड झालं.

दुपारी २.१५

तहसील कार्यालय, अभिलेख कक्ष. इथे पंखा आहे आणि तो चालू आहे. एका मृत्युपत्रावर भरवसा ठेवायचा नाही. मरताना माणसं खरं बोलतात असं म्हणणाऱ्यांनी मृत्युपत्रं वाचलेली नसतात. फेरफाराच्या जुन्या वह्या मागते.

"कुठलं साल घेऊ?"

"१९१७ पासून पुढे काढा, भाऊसाहेब."

वारसाची नोंद १९१९ ची निघते. खातेदार लढाईत मयत, वारस मुलगा, वय दोन आकडी नाही. त्यापुढे तीन अक्षरं, जी सातबारा वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत : अ.पा.क. अज्ञान पालन कर्ता. आणि त्यापुढे आईचं नाव, 'कोम', म्हणजे बायको, लावून नवऱ्याचं. थोरला भाऊ त्याच वहीत 'ए.कु.मॅ.' म्हणून आहे, एकत्र कुटुंब मॅनेजर. पण मुलाचा पालक म्हणून सरकारनं चुलता धरला नाही, आई धरली. खेड्यात १९१९ साली हे आपोआप होत नसे. कोणीतरी तलाठ्यासमोर, मग सर्कलसमोर उभं राहून जबाब दिला असणार, आणि ती तीच असणार. दोन पानं पुढे तिच्या नावे तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा, बोजा चढलाय, कारण विहीर बांधणे. पुढच्या वर्षांत तो कमी झालाय.

अकरा रुपये. युद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा महिन्याचा पगार एवढा होता, आणि कुटुंब पेन्शन त्याहून कमी. विधवेनं पाट लावला असता तर तेही थांबलं असतं. त्या पैशातून घर चालवून तगाई फेडणं म्हणजे काय, हे मी अहवालात लिहिणार नाही; आकडे लिहीन, त्यांना कळेल.

तिचं नाव मी इथेही देत नाही. ते आधी त्या घराला कळायला हवं.

दुपारी ४.३०

एसटीनं गावात. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी, साताऱ्याच्या आणि कोकणाच्या कितीतरी गावांत आहे तशीच : या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके कामी आले. इथेही आकडाच. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याचं नाव तर 'आपशिंगे मिलिटरी' असंच पडलंय, इतकी माणसं त्या गावानं फौजेला दिली.

गावात या कुटुंबाची चुलत शाखा आहे. घरात आजी एकट्याच, थोरल्या भावाच्या नातसून.

"बस बाय. कुटनं आलीस? साताऱ्यास्नं? च्या ठिवू?"

मी विहिरीचं विचारते. कोणी बांधली हे मुद्दाम विचारत नाही, नुसतं विहिरीचं.

"ती पलटनीची हिर व्हय? कुनी काय म्हनूं दे. आमच्या सासूबाई सांगायच्या, धाकलीनं काढली. सवता दगूड व्हायला."

मग देव्हाऱ्यातून त्या एक मेडल काढून देतात. टाकांच्या शेजारी ठेवलेलं, हळदकुंकवानं माखलेलं, चांदीचं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष. कोणता देव आहे हे घरात कोणालाच माहीत नाही, पण पूजा होते. ब्रिटिश वॉर मेडल. अशी पुष्कळ मेडलं सोनारानं वितळवली, चांदी होती म्हणून. हे देव झाल्यामुळे वाचलं.

मेडलवर बघायचं असतं ते राजाकडे नाही, कडेवर. पदराच्या टोकानं कड पुसायची परवानगी मागते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं बारीक अक्षरांत ठोकलेलं. सकाळच्या तिघांपैकी ज्याची तारीख वेढ्यानंतरची, त्याचाच नंबर. आजी विचारतात, "काय लिवलंय त्येच्यावर?" मी नाव वाचून दाखवते. सासऱ्यांच्या चुलत्याचं नाव त्या घेत नाहीत, नुसती मान हलवतात.

चुलत शाखेच्या देव्हाऱ्यात हे मेडल कसं आलं? आजी म्हणतात, धाकलीचा मुलगा मुंबईला गिरणीत गेला तेव्हा तिनं ते इथे ठेवलं. गिरणीच्या खोलीत चोरी होईल म्हणून.

रात्री ९

अहवाल. पहिल्या पानावर नंबर, पलटण, मृत्युतारीख, स्मारक. दुसऱ्यावर फेरफाराची नक्कल आणि वाचन. तिसऱ्यावर मृत्युपत्राचं लिप्यंतर, ओळीला ओळ. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं पत्रही जोडते, नंबर आता पक्का असल्यामुळे ते पत्र अर्थपूर्ण आहे; नुसत्या नावावर कोणतंही रेकॉर्ड ऑफिस काही काढत नाही. शेवटच्या पानावर त्यांचीच वंशावळ, एका नावाची भर घालून. फ्रेम नव्यानं करावी लागेल, तो खर्च त्यांचा.

तुमच्या घरी असं एखादं मेडल असेल तर सोनाराकडे नेण्याआधी त्याची कड भिंगातून वाचा आणि नंबर उतरवून ठेवा. १९१४-१५ चा तारा असेल तर नाव मागच्या सपाट बाजूला सापडेल. आणि घरात नव्वदीच्या आजी असतील तर त्यांना पुरुषांची नावं विचारू नका, ती सातबाऱ्यावर आहेत. त्यांच्या सासूचं नाव विचारा, तिच्या सासूचं विचारा, माहेर कुठलं ते विचारा, आणि याच आठवड्यात लिहून काढा.