यकृताचे एमआरआय प्रतिमांकन

यकृताचे चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन, अर्थात यकृताचा एमआरआय, ही यकृतातील गाठी, मेदसंचय व इतर विकार तपासण्याची पद्धत आहे. यकृत श्वासपटलाच्या लगेच खाली असल्यामुळे श्वासाबरोबर वरखाली सरकते व प्रतिमा धूसर होते. त्यामुळे तंत्रांची तुलना करताना लागणारा वेळ आणि मिळणारी स्पष्टता या दोन्हींचा विचार केला जातो.

टी२-भारित प्रतिमा

जलद तंत्राने प्रत्येक छेद सुमारे एका सेकंदात टिपता येतो. श्वास रोखू न शकणाऱ्या रुग्णांसाठी ते उपयुक्त आहे. मात्र त्यात घन गाठी कमी उठून दिसतात. श्वासाच्या लयीनुसार घेतलेल्या प्रतिमांना काही मिनिटे लागतात. त्यांत गाठी अधिक स्पष्ट दिसतात, परंतु श्वास अनियमित असल्यास हा लाभ उरत नाही.

विसरण-भारित प्रतिमा

या प्रतिमा ऊतींमधील पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवर आधारित असतात. त्यांत लहान गाठीही ठळक दिसतात. तथापि त्यांचा रेखीवपणा कमी असतो व हृदयाच्या स्पंदनामुळे डाव्या खंडातील गाठी निसटू शकतात.

टी१-भारित प्रतिमा

गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून दिल्यानंतर, साधारणपणे १५ ते २० सेकंद श्वास रोखून, या प्रतिमा टप्प्याटप्प्याने घेतात. यकृतपेशींच्या कर्करोगाची गाठ बहुधा धमनी टप्प्यात उजळते व नंतर सभोवतालच्या यकृतापेक्षा गडद होते. धमनी टप्पा अल्पकाळ टिकतो. त्या वेळी श्वास सुटल्यास निदानातील महत्त्वाचा पुरावा हातचा जातो.

चुंबकक्षेत्राची तीव्रता

१.५ टेस्लापेक्षा ३ टेस्लाच्या यंत्रात संकेत अधिक प्रबळ मिळतो. परंतु जलोदर असल्यास प्रतिमेचा काही भाग काळवंडतो. कोणतेही एक तंत्र सर्व बाबतींत सरस नसल्याने एकाच तपासणीत ही तंत्रे एकत्र वापरली जातात.