गेडी : टेकूची रचना व त्यातील बदल

गेडी म्हणजे पाय ठेवण्यासाठी टेकू बांधलेल्या दोन लांब काठ्यांची जोडी होय. टेकूंवर उभे राहून आणि काठ्यांची वरची टोके हातांनी धरून जमिनीपासून उंचावर चालता येते. छत्तीसगडमध्ये आणि त्याला लागून असलेल्या पूर्व विदर्भात गेडी हा मुलांचा पावसाळी खेळ म्हणून परिचित आहे. गेडीची उंची, तोल आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी मुख्यतः टेकूवर अवलंबून असतात. उड्या मारण्याच्या आधुनिक स्प्रिंगच्या गेड्यांनाही हेच लागू पडते. मात्र त्यांत पाय टेकूला बांधलेला असतो व हाच फरक निर्णायक ठरतो.

हंगाम व प्रसार

छत्तीसगडमध्ये हरेली या कृषिसणाच्या दिवशी गेड्या तयार केल्या जातात. मराठी पंचांगानुसार ही आषाढ अमावास्या होय. उत्तरेकडील पूर्णिमान्त गणनेत तिला श्रावण अमावास्या म्हणतात. महाराष्ट्रात या तिथीला दिव्यांची अवस पाळतात आणि विदर्भात अनेक ठिकाणी जिवतीची पूजा होते. गेडीचा हंगाम तेथून पुढे पोळ्यापर्यंत, म्हणजे सुमारे एक महिना चालतो. या काळात वाटा चिखलाने भरलेल्या असतात आणि गेडीमुळे पाय न भरता त्यांवरून जाता येते. बस्तरमधील मुरिया समाजात गेडीवर चढून नृत्यही करतात. छत्तीसगड शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ या स्पर्धेत गेडीच्या शर्यतीचा समावेश होता.

टेकूची पारंपरिक रचना

छत्तीसगडी भाषेत टेकूला ‘पउआ’ म्हणतात. त्यासाठी बांबूचा आखूड तुकडा उभा चिरून त्याचे दोन भाग करतात. हे भाग काठीला दोन्ही बाजूंनी लावून नारळाच्या काथ्याच्या दोरीने आवळून बांधतात. दोरीवर थोडे रॉकेल टाकण्याची प्रथा आहे. त्यामुळे चालताना घर्षणाने ‘रच-रच’ असा आवाज येतो आणि तो खेळाचा आनंद मानला जातो.

टेकू खिळ्याने न ठोकता दोरीने बांधण्यास सबळ कारण आहे. बांबूचे तंतू लांबीच्या दिशेने एकमेकांना समांतर असतात. त्यांत खिळा घुसला की काठी त्या रेषेत चिरत जाते. दोरीचा दाब याउलट सर्व बाजूंनी आतल्या दिशेने पडतो व चिरण्यास विरोध करतो. टेकू बांबूच्या गाठीच्या लगेच वर बांधल्यास गाठीच्या उंचवट्यामुळे तो सहसा खाली घसरत नाही. विदर्भातील जंगलांत आढळणारा मानवेल बांबू जाड सालीचा, पुष्कळदा जवळजवळ भरीव असल्याने अशा भारास योग्य ठरतो.

टेकूवरील भार

पाय काठीच्या अक्षावर नसून तिच्या बाजूला असतो. त्यामुळे शरीराचे वजन टेकूला केवळ खाली दाबत नाही, तर काठीला वाकवण्याचा व टेकू उलटवण्याचाही प्रयत्न करते. ४० किलो वजनाच्या मुलाने एका पायावर भार दिला आणि पायाचा मध्य काठीच्या मध्यापासून ६ सेंमी दूर असला, तर बांधणीवर २.४ किलोग्रॅम-मीटर इतके परिबल येते. अंतर १२ सेंमी झाले की ते दुप्पट, म्हणजे ४.८ किलोग्रॅम-मीटर होते. म्हणून पाय ऐसपैस मावावा या हेतूने टेकू लांब केल्यास तो अधिक लवकर सैल होतो. टेकू लांबीने आखूड आणि तळव्याखाली रुंद असणे अधिक उपयुक्त असते.

उंचीतील बदल

दोरीची बांधणी सोडून टेकू वर-खाली सरकवता येतो, हा पारंपरिक रचनेचा मोठा गुण आहे. नवशिक्याचा टेकू जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधून सरावानुसार तो वर नेता येतो. उंची वाढली की पडण्याचा वेगही वाढतो. अर्धा मीटर उंचीवरून पडल्यास जमिनीवर आदळण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर, तर १ मीटरवरून सुमारे ४.४ मीटर असतो. वेगातील ही वाढ दीडपटीहून कमी वाटली, तरी शरीराला सोसावी लागणारी ऊर्जा दुप्पट होते.

स्प्रिंगच्या गेड्या

उड्या मारण्याच्या आधुनिक गेड्यांची रचना जर्मन संशोधक अलेक्झांडर ब्योक यांनी विकसित केली. तिला २००४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. तीत काचतंतूंपासून बनवलेली धनुष्याकृती पट्टी स्प्रिंगचे काम करते. पाय धातूच्या सांगाड्यावरील पट्टावर ठेवून बंदांनी आवळतात, गुडघ्याखाली आणखी एक पट्टा असतो आणि जमिनीला रबरी टोक टेकते. स्प्रिंगची ताकद वापरणाऱ्याच्या वजनानुसार निवडावी लागते.

या गेड्यांच्या पायपट्टात काही जण घरगुती बदल करतात. बुटाच्या मापानुसार बंद बदलणे किंवा आवाज व घसरण कमी करण्यासाठी रबराचा थर लावणे यांमुळे मूळ सांगाडा दुबळा होत नाही. छिद्र पाडण्याची गोष्ट वेगळी आहे. ताणाखालील रुंद पट्टीत गोल छिद्र पाडल्यास त्याच्या कडेवरील ताण सरासरीच्या सुमारे तिप्पट होतो आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे तेथून तडा जाऊ शकतो. काचतंतूंच्या पट्टीत छिद्र पाडल्यास भार वाहणारे तंतूच तुटतात. त्यामुळे तिला हात लावू नये. पट्ट पुढे-मागे सरकवल्यास शरीराचा भार रबरी टोकाच्या तुलनेत सरकतो आणि उभे राहण्याचा तोल बदलतो. असा बदल दोन्ही पायांना सारखाच असला पाहिजे.

मोकळा पाय व बांधलेला पाय

बांबूच्या गेडीवर तोल गेला की खेळणारा काठ्या सोडून खाली उडी घेतो, कारण पाय मोकळा असतो. फ्रान्सच्या लांद प्रदेशातील मेंढपाळ एकोणिसाव्या शतकापर्यंत पायांना बांधलेल्या गेड्या वापरत. हात मोकळे राहावेत हा त्यामागचा हेतू होता. तोल सांभाळण्यासाठी त्यांच्याजवळ तिसरी लांब काठी असे. स्प्रिंगच्या गेडीतही पाय बांधलेला असल्याने खाली उडी घेणे शक्य नसते. म्हणून हेल्मेट, मनगट व गुडघ्यांची संरक्षक साधने आणि पडण्याचा सराव हे त्या खेळाचे आवश्यक भाग आहेत.

यावरून टेकूतील बदलांचा एक सर्वसाधारण नियम निघतो. टेकू बळकट करणारा बदल चालतो. पायाची सुटका रोखणारा बदल चालत नाही. बांबूच्या टेकूवर चप्पल ठोकून तीत पाय अडकवल्यास किंवा पाय दोरीने बांधल्यास पडताना हात काठ्यांत आणि पाय टेकूत गुंतून राहतात. पकड वाढवायची असल्यास टेकूवर सुतळी गुंडाळणे किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा बसवणे पुरेसे असते. काथ्या ओला झाला व वाळला की बांधणीचा ताण बदलतो. त्यामुळे प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी टेकू हाताने हलवून तपासावा. आवाज यावा म्हणून बांधणी सैल ठेवू नये.