भाड्याचा फ्लॅट, ओल आणि बुरशी

जळगाव-धुळ्याची हवा एरवी कोरडी, तरी पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरतेच. त्यात काही जण जुलैतही खिडक्या लावून कूलर चालवतात, कमालच!

ओल कुठली ते आधी ओळखा. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवा, दुसऱ्या दिवशी बघा. खोलीच्या बाजूने थेंब दिसले तर हवेतला दमटपणा. भिंतीकडून ओला झाला तर पाणी झिरपतंय. मग वरून रंग मारून उपयोग नाही, घरमालकाला लेखी कळवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, दुरुस्ती घरमालकाकडेच.

बुरशी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि ब्लीचिंग पावडरीत अ‍ॅसिड अजिबात नको, विषारी क्लोरीन सुटतो.