पाठीवर पराग, पोटावर पराग

मोटारी आणि स्कूटरींच्या आधी पिंपरीत औषध आलं. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे बुरशीपासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पण कुंपणाबाहेर, चाकणच्या रिकाम्या भूखंडांवर आणि देहू-आळंदीच्या अंगणांत, औषधं त्याच्या कितीतरी आधीपासून उगवत आहेत. आपण त्यांचं पान खुडतो, मूळ उपटतो. फुलाकडे बघायला मात्र कोणाला सवड नसते. खरी गंमत तिथेच आहे.

तुळशीचं पान चुरडलं की जो वास येतो, त्यात मोठा वाटा युजेनॉल या तेलाचा. लवंगेला वास येतो तोही त्याचाच. पानावरच्या नजरेला न दिसणाऱ्या ग्रंथींमध्ये ही तेलं भरलेली असतात. ती आपल्या खोकल्यासाठी नाहीत. झाडाला पळता येत नाही, म्हणून पान कुरतडायला आलेल्या किड्यांसाठी हा बंदोबस्त. आणि हेच झाड मंजिरी आली की किड्यांनाच बोलावतं! एकाच देठावर खाली हाकलणं, वर आमंत्रण.

मंजिरीतलं एक फूल भिंगातून पाहा. पुंकेसर खालच्या पाकळीला टेकून पुढे आलेले दिसतील. फुलोरी ही आपली एक लहानशी मधमाशी. ती त्याच पाकळीवर उतरते, मधासाठी डोकं आत घालते आणि पराग तिच्या पोटाला लागतात.

अडुळशाने नेमकं उलटं केलंय. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या बांधावर, कुंपणाला लावतात तोच हा. हिवाळ्यात त्याला पांढरी फुलं येतात, ओठासारख्या खालच्या पाकळीवर जांभळट रेघा. दोन पुंकेसर मात्र वरच्या ओठाखाली लपलेले. मध खोल तळाशी असल्याने भुंग्यासारखं दांडगं गिऱ्हाईक लागतं. काळा भुंगा आत घुसतो आणि त्याच्या पाठीवर पराग लागतात. पानांतलं व्हॅसिसिन हे रसायन तर दूरवर पोचलंय: खोकल्याच्या आधुनिक औषधांत असणारं ब्रोमहेक्सिन त्याच्याच रचनेवरून बेतलेलं.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यांत चतुर भुईरिंगणी. पडीक जमिनीवर पसरलेलं, अंगभर काट्यांचं झाड. जांभळं फूल, मधोमध पिवळे परागकोश. वैद्यांची कंटकारी ती हीच, दशमुळांतली एक. या फुलात मध नाहीच. पराग आहेत, तेही कुलूपबंद: परागकोश फाटत नाहीत, मिरपुडीच्या डबीसारखी टोकाला फक्त बारीक भोकं असतात. मधमाशीला ही डबी हलवता येत नाही. निळ्या पट्ट्यांची, एकटी राहणारी एक माशी आहे, तिला येतं. ती परागकोश पकडते, अंग त्यांच्याभोवती वळवते आणि पंख न फडफडवता फक्त उडण्याचे स्नायू थरथरवते. त्या कंपनाने भोकांतून परागांचा फवारा उडतो. कान जवळ नेलात तर हा गुणगुणाट उडतानाच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीत ऐकू येतो. भुंगाही हे करतो. वांगं आणि टोमॅटो रिंगणीच्याच कुळातले, त्यांच्या फुलांनाही असंच थरथरवावं लागतं. नारायणगावच्या टोमॅटोचे ट्रक चाकणवरून जाताना दिसले, तर हे आठवायला हरकत नाही.

या निळ्या पट्टेवालीला पोळं नसतं. मादी उघड्या मातीत बीळ करून अंडी घालते. भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत. आपल्या सोसायट्यांत माती दिसली की पेव्हिंग ब्लॉक बसवतात आणि वाळकी फांदी दिसली की ती तोडतात. स्वच्छता म्हणून ठीक, पण मग या दोघांनी घर करायचं कुठे?

तेव्हा एवढं करा: कुंपणाशी हातभर माती मोकळी ठेवा, एखादं वाळलं लाकूड पडू द्या. तुळस दाट व्हावी म्हणून मंजिऱ्या खुडता ना, त्यातल्या चार-दोन राहू द्या. आणि फवारणी करायचीच असेल, तर फुलं नसताना करा.