अळंबीतून औषध, अडुसष्ट वर्षांनी

पेनिसिलिनने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे प्राण वाचवले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत नव्या प्रतिजैविकांचा शोध सुरू झाला. बहुतेकांची नजर मातीतल्या सूक्ष्म बुरशांवर आणि जिवाणूंवर होती. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात अ‍ॅनेट हर्वे मात्र अळंब्यांकडे वळल्या. अळंबीवर्गातल्या ५०० कवकांची त्यांनी जिवाणूंविरुद्ध चाचणी घेतली आणि १९४७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९५१ मध्ये कॅव्हानाह, हर्वे आणि रॉबिन्स या तिघांनी प्ल्यूरोम्युटिलिन हे प्रतिजैविक शोधल्याचे जाहीर केले.

ते ज्या अळंब्यांत सापडले, त्या आज क्लिटोपिलस प्रजातीत गणल्या जातात. त्याच प्रजातीतली एक पांढरी अळंबी युरोपात लोक आवडीने खातात. तिला ताज्या पिठाचा वास येतो. तिच्यासारखीच दिसणारी एक अळंबी जीवघेणी विषारी असते, हेही लगेच सांगायला हवे.

अळंबीला असे रसायन कशाला लागते? आपण खुडतो ते तिचे फळ. खरे शरीर म्हणजे माती-लाकडात पसरलेले तंतूंचे कवकजाल. हे तंतू विकरे बाहेर सोडतात, पालापाचोळा शरीराबाहेरच पचवतात आणि तयार झालेली साखर शोषून घेतात. उघड्यावर वाढलेल्या या पंगतीला आजूबाजूचे असंख्य जिवाणू न बोलावता येऊन बसतात. त्यांना दूर ठेवणारे रसायन ज्या कवकाकडे असेल, त्याच्या वाट्याला अन्न जास्त येते.

प्ल्यूरोम्युटिलिनचा नेम मोठा अचूक आहे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. प्ल्यूरोम्युटिलिनचे रेणू मात्र पेशीच्या आत, रायबोसोमवर जाऊन बसतात. अमिनो आम्ले एकमेकांना जोडून प्रथिने जिथे तयार होतात, नेमकी तीच जागा ते अडवतात. जिवाणूंना या माऱ्याविरुद्ध प्रतिकारशक्ती कमवायला वेळ लागतो.

इतके असूनही माणसांच्या वाट्याला हे औषध फार उशिरा आले. मूळ रेणू पाण्यात नीट विरघळत नव्हता आणि शरीर त्याची लवकर मोडतोड करत होते. त्याच्या रचनेत बदल करून तयार झालेले टायम्युलिन १९७९ पासून डुकरे आणि कोंबड्यांसाठी वापरात आले. माणसांसाठी २००७ मध्ये त्वचेवर लावायचे मलम आले आणि न्यूमोनियावर पोटात किंवा शिरेतून देता येणाऱ्या लेफाम्युलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासानुसार त्या एकाच वर्षी औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले. तरीही लेफाम्युलिन घडवणाऱ्या नाब्रिवा कंपनीने २०२३ मध्ये गाशा गुंडाळायचे ठरवले. नवे प्रतिजैविक जपून आणि थोडेच वापरावे लागते, म्हणून त्यात नफा कमी. औषध सापडल्यावरही ते टिकेल याची हमी नाही, हे मला फार गंभीर वाटते.

रानातल्या अळंब्यांत जिवाणूरोधक गुण सापडल्याच्या बातम्या आपल्याकडेही अधूनमधून येतात. त्यामागची पद्धत सोपी आहे. अळंबी वाळवायची, भुकटी करायची, अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात तिचा अर्क काढायचा. त्यात भिजवलेली कागदाची चकती जिवाणू पेरलेल्या अगारच्या बशीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू वाढलेले नसतील, तर अर्कात काहीतरी आहे. पण काय आहे? अर्कात शेकडो रसायने असतात. एखादे साधे आम्लही असे वर्तुळ उमटवू शकते. शिवाय स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूवर चालणारा अर्क ई. कोलायपुढे अनेकदा हतबल ठरतो, कारण ई. कोलायला आणखी एक बाह्यपटल असते. म्हणून अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भागाची पुन्हा परीक्षा घेत एका शुद्ध रेणूपर्यंत जावे लागते. मग त्याची रचना, किमान मात्रा, आपल्या पेशींना होणारा अपाय. कितीतरी संशोधने पहिल्या वर्तुळापाशीच थांबतात. खरे काम तिथून पुढे आहे आणि त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ, यंत्रे आणि अनेक वर्षांचा पैसा लागतो.

आता जनुकेही हाताशी आली आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये प्ल्यूरोम्युटिलिन बनवणारी सात जनुके ओळखली आणि ती जपानी स्वयंपाकात तांदूळ आंबवायला वापरतात त्या बुरशीत घालून तिच्याकडून हे रसायन करवून घेतले.

ही सोय सगळीकडे चालत नाही, कारण आधी जीव हाताशी हवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी टर्मिटोमायसिस अळंबी शेतात पिकवता येत नाही. वाळवी आपल्या घरट्यात कवकाची बाग जोपासते, त्या बागेतूनच ही अळंबी वर येते. वारूळ मोडले की अळंबी गेली, आणि तिची रसायने तपासायची संधीही.

म्हणून दोन विनंत्या. एक, जिवाणूरोधक गुणाची बातमी वाचून अळंबीचा काढा औषध म्हणून घेऊ नका आणि जाणकाराने ओळखल्याशिवाय रानातली कुठलीही अळंबी खाऊ नका. दोन, आपल्या जमिनीत वारूळ असेल, तर ते फोडू नका. अळंबी खुडतानाही काही तिथेच उमलू द्या.