१९ नंबरची तार

नागदेवी स्ट्रीटवर तारेच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कशाला पाहिजे, भाऊ?’ त्याला नीट उत्तर द्यावं, कारण टांगलेली वेटोळी लांबून सारखीच दिसतात. सळया बांधायची बाइंडिंग वायर बोटाभोवती वळवली की वळलेलीच राहते. स्प्रिंगची तार सोडताक्षणी उसळते. बाजारात तिला ‘पियानो वायर’ म्हणतात आणि ते नाव योग्यच आहे. सतारीवर चढणारी पोलादी तारही याच जातीची.

डोंबिवलीच्या घरी, बाल्कनीतल्या टेबलावर मी शिलाई मशीन, कुलुपं, जुनी खेळणी यांच्या स्प्रिंगा वळतो. बहुतेक वेळा १९ गेज लागते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: १८ म्हणजे १.२१९ मिलिमीटर, १९ म्हणजे १.०१६. फरक जेमतेम दोन दशांश मिलिमीटरचा, पण स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. वेढे तेवढेच, व्यास तोच, फक्त १९ ऐवजी १८ वापरली तर स्प्रिंग दुपटीहून जास्त कडक होते. कुलूप मग किल्लीनं फिरतच नाही. म्हणून मी मायक्रोमीटर सोबत नेतो आणि वेटोळ्यावरची चिठ्ठी काहीही सांगो, तार तीन जागी मोजतो.

मग एक वेढा तोडून फरशीवर ठेवायचा. चांगल्या तारेचा वेढा सपाट पडतो. टोक वर उचललं गेलं, वेढ्याला पीळ दिसला, तर ती तार नको. तिच्या दोन स्प्रिंगा एकसारख्या येत नाहीत. स्टेनलेस घेताना चुंबकावर विसंबू नये. ३०४ जातीचं पोलाद ओढून तार करताना थोडंफार चुंबकाला धरू लागतं, आणि अस्सल मालावर उगाच संशय येतो.

विक्री वजनावर. १९ गेजच्या किलोभरात दीडशे मीटरहून जास्त तार बसते, मला पाव किलो वर्षभर पुरते.

खरी काळजी घरी आल्यावर. एका पावसाळ्यात मी वेटोळं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. कागदानं ओल धरली आणि गणपतीपर्यंत तारेवर तांबडे ठिपके उठले. संडास धुवायच्या अ‍ॅसिडनं ते काढले. तार चकचकीत झाली, मला आनंद झाला, तिच्या दोन स्प्रिंगा वळून ताणून हुकांना लावल्या. सकाळी दोन्ही तुटलेल्या. रात्रीत कुणी हातही लावला नव्हता. अ‍ॅसिडच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन अशा कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, हे मला तेव्हा कळलं. ठिपके पॉलिश पेपरनं घासले असते तरी त्याखालचे बारीक खड्डे राहिलेच असते, आणि स्प्रिंग हजारो वेळा दबते तेव्हा चीर तिथूनच धरते. गंजलेली तार आता मी गॅलरीतल्या वेलांना देतो.

तार सरळ करून ठेवायची नाही, खिळ्याला टांगायची नाही. ती आली त्याच गोलाईत राहू द्यायची. घामाचे हात लागू नयेत म्हणून वेटोळं फडक्यानं धरून त्याला शिलाई मशीनचं तेल लावायचं, गंजरोधक कागदात गुंडाळायचं, आणि घट्ट झाकणाच्या रंगाच्या बादलीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आडवं ठेवायचं. अ‍ॅसिडची बाटली त्या खोलीतही नको, तिच्या वाफा पुरतात. प्रत्येक वेटोळ्याला पत्र्याचा बिल्ला: गेज, मोजलेली जाडी, महिना.

बांधणी सोडताना मी चष्मा घालतो, वेटोळ्यावर पाय ठेवतो आणि एका वेळी एकच बांधणी कापतो. तोडायला साधी पक्कड घेतली तर तिच्याच धारेला खाच पडते, म्हणून कडक तारेचं कटर वेगळं आहे. काल शेजारच्या काकूंच्या मशीनसाठी हातभर तार काढली, टोक आत वळवून बांधलं, पुन्हा तेल लावलं. झाकण दाबलं. बाहेर पाऊस होता.