समुद्रावरचे कमी उंचीचे उड्डाण इतके जोखमीचे का?

२४ मार्च २०१५ रोजी रात्री दहाच्या सुमारास नौदलाचे डॉर्नियर विमान गोव्याच्या नैर्ऋत्येस समुद्रात कोसळले. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरील हे विमान सरावासाठी गेले होते. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि निरीक्षक लेफ्टनंट किरण शेखावत यांना प्राण गमवावे लागले. कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या शेखावत या नौदलातील पहिल्या महिला अधिकारी होत. कमांडर निखिल जोशी यांना मात्र एका मासेमारी बोटीने वाचवले. अशी विमाने आपल्या किनाऱ्यावर नेहमी दिसतात. त्यांच्या कामातील जोखीम म्हणूनच समजून घ्यायला हवी.

खाली यावे लागते, कारण...

डॉर्नियर २२८ हे दोन इंजिनांचे, सात टनांहून कमी वजनाचे हलके विमान. सागरी गस्त, संशयास्पद नौकांची ओळख पटवणे आणि बेपत्ता बोटींचा शोध ही त्याची कामे. हजारो फुटांवरून बोट ठिपक्याएवढी दिसते. तिचे नाव वाचायचे किंवा पाण्यातला माणूस शोधायचा तर काहीशे फुटांपर्यंत उतरावेच लागते.

डोळे फसतात

जमिनीवर झाडे, घरे, विजेचे खांब यांच्या आकारावरून वैमानिकाला उंचीचा अंदाज येतो. पाण्यावर असे मोजमाप नसते. लाट एक फुटाची की दहा फुटांची, हे वरून कळत नाही. शांत समुद्र तर आरशासारखा. तेथे पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे हेच उमगत नाही. चांदणे नसलेल्या रात्री क्षितिज पुसले जाते आणि बोटींचे दिवे ताऱ्यांत मिसळतात. त्यात कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणाही दगा देते. विमानाचा वेग वाढताच नाक वर उचलले गेल्याचा भास होतो. त्यावर विश्वास ठेवून नाक खाली केले, तर विमान थेट पाण्याकडे झेपावते.

काट्याचे शून्य

साधे उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगते. इंदूरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानात ते साधारण १,८५० फूट दाखवते, कारण त्याचे शून्य समुद्रसपाटीला धरलेले असते. समुद्रावर उडताना ते शून्य म्हणजे प्रत्यक्ष पाणीच. दाबाच्या नोंदीत दहा हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत सुमारे ८० मीटरचा फरक पडतो. म्हणून कमी उंचीवर रेडिओ उंचीमापक महत्त्वाचे ठरते. ते खाली रेडिओलहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून खरी उंची मोजते आणि ठरवलेल्या मर्यादेखाली गेल्यास इशारा देते.

इशारा मिळाला तरी हाती वेळ थोडाच असतो. ताशी ३६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १०० मीटर. ६० मीटर उंचीवरून विमानाचा मार्ग केवळ पाच अंशांनी खाली झुकला, तरी सात सेकंदांत ते पाण्याला टेकते. बोटीभोवती वळताना हा धोका वाढतो. विमान कलते, तशी उचल कमी पडून नाक खाली येऊ लागते. आणि नेमके तेव्हाच लक्ष खिडकीबाहेरच्या बोटीकडे असते. म्हणून एकाने बाहेर पाहावे आणि दुसऱ्याने उपकरणांवरून नजर हटवू नये, ही शिस्त जीवनमरणाची ठरते.

पहिला हात मच्छीमाराचा

त्या दुर्घटनेत विमानाचे अवशेष सापडायला दोन दिवस लागले. वाचलेल्या अधिकाऱ्यापर्यंत मात्र मच्छीमार त्याच रात्री पोहोचले होते. समुद्रात काही कोसळताना दिसले, तर वेळ आणि ठिकाण टिपून तटरक्षक दलाला १५५४ क्रमांकावर किंवा व्हीएचएफ संचाच्या १६व्या चॅनेलवर लगेच कळवावे. पाण्यात पडलेल्याला मदत किती लवकर मिळते, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.